सुरूच्या बनातल्या बाई

आमच्या कॉलेजात शिकवणाऱ्या सगळ्या बायकांना 'मॅडम' म्हणतात. त्या एकट्याच 'बाई' होत्या. नवा कुणी मुलगा चुकून 'मॅडम' म्हणाला, की त्या मागे वळून बघायच्या, आपल्यामागे दुसरं कुणी उभं आहे की काय ते. एवढं एकदा झालं की तो पोरगा पुन्हा कधी मॅडम म्हणायचा नाही.

बाई भूगोल शिकवायच्या. सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि बगलेत एक घडीचं स्टूल. स्टाफरूममध्ये खुर्च्या रिकाम्या असल्या तरी त्या स्टूल उघडूनच बसायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "खुर्ची जिथे ठेवलीय तिथेच बसावं लागतं गं. आणि मला जिथे बसायचं असतं, तिथे नेमकी खुर्ची नसते."

मी तेव्हा कॉमर्सला तासांवर शिकवायला लागले होते. मूळची तळा तालुक्यातली, भातशेतीवाल्या घरातली. अलिबागेत खोली घेऊन राहत होते, आणि कॉलेजात सगळ्यांत नवी होते. त्यामुळे जे काम कुणालाच नको असायचं ते माझ्याकडे यायचं. एके दिवशी प्राचार्यांनी मला आणि बाईंना बोलावलं आणि आमची व्यसनमुक्ती आणि हिंसाप्रतिबंध समिती झाल्याचं सांगितलं. समितीत आम्ही दोघीच होतो. निधी काहीच नव्हता.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "हिशेब द्यायला नको."

समितीची गरज मात्र खरीच होती. कॉलेज अलिबागच्या थोडं खाली, समुद्राच्या बाजूला. मागच्या भिंतीपलीकडे सुरूचं बन, आणि बनापलीकडे किनाऱ्याची वाळू, पुळण. आमची बरीच मुलं शनिवार-रविवारी नागावच्या किनाऱ्यावर कामाला जायची. कुणी बोटींवर, कुणी होमस्टेमध्ये. मुंबई-पुण्याची माणसं दोन दिवस मजा करून परत जायची, आणि त्यांच्या उरलेल्या बाटल्या सोमवारी आमच्या बनात यायच्या. त्यातून भांडणं व्हायची. आदल्या वर्षी एका मुलाच्या डोक्यात बाटली बसून टाके पडले होते. मागच्या वाटेने एसटीच्या थांब्यावर जाणं मुलींनी केव्हाच सोडून दिलं होतं.

प्राचार्यांच्या मनात प्रभातफेरी होती, फलक होते, आणि मैदानात सगळ्यांनी मिळून घ्यायची शपथ होती.

"शपथ घेताना पोरं एकमेकांकडे बघून हसतात," बाई म्हणाल्या. "हसण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. शपथ फुकट जाते."

"मग तुम्ही काय करणार?"

"मी जाऊन बसणार."

दुसऱ्या दिवशी दुपारचा तास संपल्यावर बाई भूगोलाची जर्नलं आणि स्टूल घेऊन सुरूच्या बनात गेल्या, आणि मुलं जिथे बसायची बरोबर तिथे बसून जर्नलं तपासायला लागल्या. मुलं उठून गेली. पुढच्या दिवशी मुलं थोडी पलीकडे बसली, तर बाईही स्टूल उचलून पलीकडे गेल्या. आठवडाभर हा लपाछपीचा खेळ चालला. शेवटी मुलंच कंटाळली आणि बसून राहिली. बाई दारूविषयी चकार शब्द काढायच्या नाहीत. "ही खाडी गाळाने का भरत चाललीय रे?" असलं काहीतरी विचारायच्या, आणि बोटीवर काम करणारी मुलं त्यांना सांगायची. मध्येच एक डबी उघडून त्या सगळ्यांपुढे धरायच्या. डबीत आवळासुपारी असायची. गुटख्याची पुडी खिशात असलेला मुलगासुद्धा हात पुढे करायचा, कारण बाई डबी तशीच धरून ठेवायच्या, तो घेईपर्यंत.

मी म्हटलं, "बाई, पोरं दुसरीकडे जाऊन पितच असतील की."

"जात असतील. पण दुसरीकडे जायचं तर उठावं लागतं. काही उठतात, काही आळस करतात. ते आळशी आपले."

आळशी पोरांवर त्यांचा फार जीव होता.

खऱ्या सुपारीचं त्यांचं प्रकरण वेगळंच. नागावला त्यांच्या सासऱ्यांनी लावलेली नारळ-सुपारीची वाडी होती. यजमान गेल्यापासून त्या तिथे एकट्याच राहायच्या. सुपारीला चांगला भाव असताना बाईंनी ती विकणं बंद केलं. ती पुडीत जाते आणि फिरून माझ्याच वर्गातल्या पोरांच्या गालात येते, असं त्यांचं म्हणणं. झाडं तोडायलाही मन होईना. मग त्या पोती भरभरून सुपारी देवळांना पाठवायच्या, अगदी खाली हरिहरेश्वरापर्यंत. कुणी नावं ठेवली तर म्हणायच्या, "देवापुढची सुपारी कुणी चावत नाही."

एवढं करतात म्हणजे बाईंच्या घरात दारूने काहीतरी झालेलं असणार, असं सगळ्या स्टाफरूमला वाटायचं. यजमान पीत होते म्हणे. भाऊ गेला म्हणे. मलाही तसंच वाटायचं, आणि एकदा एसटीत मी भीत भीत विचारलं. बाई खो खो हसल्या.

"अगं, ह्यांनी आयुष्यात चहासुद्धा कडक घेतला नाही! बँकेत होते, रात्री दूध पिऊन झोपायचे." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "लोकांना माझ्यासाठी एखादं दुःख हवं असतं. त्याशिवाय दुसऱ्याची काळजी करता येत नाही असं वाटतं त्यांना."

त्यांनी केलेल्या कामांत भाषण एकही नव्हतं. तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला त्यांनी कॉलेजचा नकाशा काढायला लावला आणि जिथून जाताना पावलं आपोआप भरभर पडतात तिथे फुली मारायला सांगितली. मुलांच्या नकाशांवर फुल्या जवळजवळ नव्हत्याच. मुलींच्या सगळ्या फुल्या मागच्या फाटकाशी आणि पाण्याच्या टाकीपाशी जमल्या होत्या. बाईंनी ते नकाशे काही न बोलता फळ्यावर शेजारी शेजारी चिकटवले. मुलं कितीतरी वेळ बघत राहिली. पुढे बाईंनी झेरॉक्सवाल्याच्या मागे लागून त्याची टपरी मागच्या फाटकाशी हलवायला लावली. तिथे सतत कुणीतरी उभं राहायला लागलं, आणि हळूहळू मुली त्या वाटेने जायला लागल्या.

आणि भांडणं. भांडणांवर त्यांचं एक औषध होतं, ते ऐकून मी कपाळाला हात लावला होता.

"भांडणात दोघांनाही थांबायचं असतं," त्या वर्गात सांगायच्या. "पण आधी कोण थांबणार? म्हणून तिसऱ्याने निमित्त द्यायचं. न्याय करायला जायचं नाही. न्यायासाठी अलिबागला कोर्ट आहे. एकट्याने जायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही, हातात काही दिसलं तर लांबूनच बोलायचं. आणि काहीतरी भलतंच विचारायचं. पिठाची गिरणी कुठे आहे, किती वाजले, काहीही."

मग चालू तासात तालीम व्हायची. दोन मुलं खोटं खोटं भांडायची आणि तिसरा जाऊन विचारायचा, "भाऊ, ही एसटी रेवदंड्याला जाते का?" सगळ्या वर्गात हशा फुटायचा. सायली नावाची हरिहरेश्वरकडची एक मुलगी होती, इथे मामाकडे राहून शिकायची. इतकी हळू बोलायची की हजेरीला तिच्या शेजारणीला 'आहे' म्हणावं लागायचं. तिची पाळी आली तेव्हा ती नुसतीच उभी राहिली, एक शब्द फुटेना. बाई म्हणाल्या, "छान उभी राहिलीस. बस."

हे सगळं मला पोरखेळ वाटत होतं. गॅदरिंगच्या दुपारपर्यंत वाटत होतं.

रुपेश नावाचा दुसऱ्या वर्षाचा मुलगा बनात बसणाऱ्यांपैकी होता. अंगापिंडाने थोराड, बोलायला मऊ, किनाऱ्यावर बोटीवर काम करणारा. त्याचे वडील फार प्यायचे. त्या दिवशी सकाळी ते एसटी स्टँडवर पडलेले असतानाचा एक व्हिडिओ, वर गाणं लावून, वर्गाच्या ग्रुपवर फिरला. तो टाकणारा निखिल त्याच वर्गातला. रुपेश दुपारी आला तो तर्र होऊन, आणि आल्या आल्या त्याने मंडपाचा एक बांबू उपसला. निखिल भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. प्राचार्य माइकवरून ओरडत होते. आम्ही शिक्षक जागच्या जागी खिळलो होतो. मुलांनी कोंडाळं केलं होतं आणि बहुतेकांचे फोन वर होते.

त्या कोंडाळ्यातून सायली पुढे आली. मैत्रिणीचा हात धरून, बांबू पोचणार नाही इतक्या अंतरावर उभी राहिली.

"रुपेशदादा, माझी एक चप्पल दिसत न्हाय. निळ्या पट्ट्याची हाय. तू बघितलीस का?"

इतक्या मोठ्याने बोलताना तिला कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"काय?" रुपेश म्हणाला.

"चप्पल. इथंच होती."

रुपेशने तिच्या पायांकडे बघितलं. एक पाय खरंच अनवाणी होता. तो बघतोय तोवर मागून एक मुलगा म्हणाला, "रुपेश, पाचची एसटी हाय का रे आज?" दुसऱ्या कुणीतरी पेन मागितलं. रुपेश या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिला. बांबूचं टोक हळूहळू जमिनीला टेकलं. मग तो तिथेच मातीत बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. दोघांनी निखिलला बाजूला नेलं. फोन एकेक करून खाली आले.

बाई मागून चालत आल्या, धावत नाही. त्याच्याजवळ मातीत बसल्या आणि म्हणाल्या, "इथे ऊन फार आहे रे. सावलीत चल." त्याने उठायचा प्रयत्न केला आणि त्यांच्या पांढऱ्या बुटांवर ओकला. कसंनुसं तोंड करून "बाई, बूट..." म्हणाला.

"बूट धुता येतात," बाई म्हणाल्या. "चल."

सायली मात्र नंतर मंडपाच्या कडेला खाली बसली. मी तिला पाणी दिलं आणि चप्पल शोधू या म्हटलं. "मीच मंडपाखाली सरकवली मॅडम," ती पुन्हा तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य रुपेशला काढून टाकायला निघाले होते. बाई केबिनमध्ये स्टूल घेऊनच गेल्या.

"काढा," त्या म्हणाल्या. "म्हणजे तो दिवसभर किनाऱ्यावर राहील. इथे निदान थोडा वेळ तरी शुद्धीत असतो. आणि ज्याने त्याच्या बापाचा व्हिडिओ फिरवला त्याचं काय करताय?"

"बाई, ती काही मारामारी नव्हती."

"रक्त आलं नाही म्हणून?"

प्राचार्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरलेला होता. निखिलला वर्गापुढे उभं राहून माफी मागावी लागली. त्याला नीट जमलं नाही, पण मागितली. रुपेशसाठी अट अशी ठरली की त्याने दर सोमवारी अलिबागच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशनाला जायचं. बाई त्याच्यासोबत एसटीने जायच्या आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. "आतलं काम डॉक्टरांचं," म्हणायच्या. "माझं काम याला दारापर्यंत आणायचं."

संक्रांतीनंतर तो यायचा बंद झाला. फोन उचलेना. शनिवारी बाई मला घेऊन नागावच्या किनाऱ्यावर गेल्या. रुपेश बोटीवर होता. स्पीडबोटीमागे ती लांबडी, पिवळी, फुगवलेली केळ्याच्या आकाराची बोट बांधतात, तिच्यावर पर्यटकांना बसवत होता. डोळे तांबारलेले. आम्हाला बघून त्याने तोंड फिरवलं. बाईंनी हाका मारल्या, तो काही येईना. तेव्हा बाईंनी स्टूल माझ्याकडे दिलं, रांगेत उभ्या राहिल्या, साडीवर नारिंगी जॅकेट चढवलं आणि पुण्याच्या एका कुटुंबामागे त्या बोटीवर जाऊन बसल्या. मी वाळूत उभी राहून बघत होते. आत गेल्यावर गंमत म्हणून मुद्दाम उलटवतात, तशी बोट उलटली. सगळे पाण्यात पडले. रुपेशने स्पीडबोटीवरून उडी मारली ती थेट बाईंकडे. त्यांना वर ओढून घेताना त्याला वाटलं असेल, आता या रागावणार. बाईंनी तोंडातलं खारं पाणी थुंकलं आणि म्हणाल्या, "सोमवारी दवाखाना आहे."

सोमवारी तो थांब्यावर बाईंच्या आधी येऊन उभा होता.

सगळेच काही असे परत आले नाहीत. बनातलाच एक मुलगा गांजाच्या नादाने कॉलेज सोडून गेला. बाई त्याच्या घरी जाऊन आल्या, पुन्हा गेल्या, तो भेटला नाही. त्याचं नाव पटावरून कमी झालं तरी त्या हजेरीत पुकारायच्या, जराशा थांबायच्या, आणि पुढचं नाव घ्यायच्या. वर्गातलं कुणी कधी हसलं नाही.

आता बाई निवृत्त झाल्यात. गुडघ्यांमुळे बराचसा काळ पुण्याला मुलीकडे असतात. सायली श्रीवर्धनला शाळेत शिकवते. रुपेश पदवीधर झाला, मांडव्याच्या जेटीवर नोकरीला लागला. मध्ये एकदा घसरला होता, ते तोच सगळ्यांना सांगतो, आणि आमच्या नव्या मुलांशी बोलायला येतो. समिती माझ्याकडे आहे. पण बाई म्हटलं की मला आठवतो तो त्या वर्षीचा शिमगा.

दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी सांगून ठेवलं होतं की सणाचा दिवस अवघड जाईल. धुळवडीला किनाऱ्यावर नुसता दारूचा पूर असतो. बाईंनी रुपेशला सकाळीच वाडीत बोलावलं. माझ्या मदतीला ये म्हणाल्या. झाडांना पाणी जाण्याचे पाट मातीने बुजले होते, ते काढायचे होते. मलाही बोलावलं होतं. रुपेश फावडं घेऊन पाट उकरत होता आणि मी झावळ्या ओढून बाजूला टाकत होते. त्याचा फोन सारखा वाजत होता. प्रत्येक वेळी तो बाईंकडे बघायचा. "उचल की," बाई म्हणायच्या. तो उचलायचा आणि सांगायचा, "न्हाय रे, कामात हाय." दुपारपर्यंत तो फोन वाजायच्या आधीच खिशाकडे हात न्यायला लागला होता. बाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. तो जेवला, पण प्रत्येक घासावर पाणी पीत होता.

आम्ही हात धूत होतो तेवढ्यात बेड्यापाशी, वाडीच्या फाटकाशी, आरडाओरडा झाला. रुपेशचे वडील आले होते. गुलालाने माखलेले, पाय ठरत नव्हते.

"सणाच्या दिवशी माझ्या पोराला राबवून घेतेस व्हय? तुझा गडी हाय का तो? चल रे घरी!"

मी बाईंकडे बघितलं. त्यांना काहीतरी सुचेल असं मला वाटत होतं. पण बाई ओसरीच्या खांबाला धरून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ नुसते हलत होते. त्या घाबरल्या होत्या. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

रुपेश पुढे झाला. मला वाटलं, आता बापलेक एकमेकांच्या अंगावर जातात. त्याने वडिलांचा दंड धरला.

"बाबा, मला कुनी राबवत न्हाय. मी पीत न्हाय ना आता, म्हणून इथं हाय."

वडील त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. बहुतेक त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"पीत न्हायस?"

"न्हाय. तुमी जेवलाव का?"

म्हाताऱ्याने नाही म्हणून मान हलवली. रुपेशने त्यांना ओसरीवर बसवलं, पान वाढून आणलं, आणि पोळी मोडून दुधात कालवून दिली. ते खाली मान घालून जेवले. पाणी पिताना बाईंना म्हणाले, "पोळी चांगली हाय." मग रुपेश त्यांना धरून निघाला. घर लांब नव्हतं, पण वाट किनाऱ्यावरून होती, आणि तिथे त्याचे सगळे मित्र होते, गाणी होती, बाटल्या होत्या.

बाई बेड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. ते दोघे वळणावर दिसेनासे झाले तरी हलल्या नाहीत.

"पोचेल ना गं तो?" त्यांनी मला विचारलं.

मी पोचेल म्हटलं. मला काय माहीत होतं! उन्हं कलली. मी चहा केला, तो तसाच निवला. बाई ओसरीच्या पायरीवर फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

शेवटी फोन वाजला. बाईंनी कानाला लावला, ऐकलं, आणि एकदम माझ्या हातात दिला. "तू बोल," एवढंच कसंबसं म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

"पोचलो," रुपेश तिकडून सांगत होता. "सरळ घरी आलो. बाबा झोपलं. बाई हायत ना?"

"आहेत. ऐकलं त्यांनी."

"बरं. त्यांना सांगा, अर्धा पाट राह्यलाय. उद्या सकाळी येऊन काढतो."

मी बाईंना सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि मोठ्याने, त्याला फोनवर ऐकू जावं म्हणून म्हणाल्या, "ये म्हणावं."